आगीचा पूर्वार्ध

आगीवर ताबा मिळवला त्या दिवशी माणूस जनावरांतून उठला आणि संस्कृतीच्या वाटेला लागला. त्याच माणसाचा एक वंशज गेला आठवडाभर गॅसच्या शेगडीपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभा राहत होता.

"अहो, तेवढं दूध तापवा की," बायको म्हणाली. "लेक पोचेलच एवढ्यात बाळाला घेऊन."

"तूच तापव. माझे हात ओले आहेत."

हात कोरडे ठणठणीत होते. आणि गरम होते. हीच तर भीती होती.

ते मुलांच्या एका मासिकात छपाईआधी चुका काढायचं काम करत. ठेंगणे, गोल आणि सदा कुणाच्या तरी डोक्यावर बसलेले, म्हणून कचेरीत सगळे त्यांना अनुस्वारराव म्हणत. त्यांची वाचायची रीत ठरलेली होती. ओळ उलटी वाचायची, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. म्हणजे अर्थ मध्ये लुडबुडत नाही आणि चूक बरोबर सापडते. अशी हजारो पानं त्यांनी वाचली होती आणि त्यांतलं एक अक्षर डोक्यात शिरू दिलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात छातीत जळजळत होतं, पानावर 'शरीर' हा शब्द दिसला, आणि घात झाला. त्यांनी लेख सुलटा वाचला.

मासिकातल्या चित्रकथेचा नायक तळहातातून आगीचे लोळ सोडायचा. खऱ्या शरीराला हे जमेल का, यावर एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं. जमायला काय हरकत आहे? आतड्यात हायड्रोजन आणि मिथेन तयार होतात, दोन्ही पेट घेणारे. कातडीखाली चरबी, म्हणजे जळण. एक किडा तर पोटातली रसायनं मिसळून उकळती चिळकांडी उडवतो. राहिली फक्त ठिणगी, आणि ती तर...

इथे कागद संपला. उत्तरार्ध नेहमीप्रमाणे शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याकडे गेला होता.

त्या संध्याकाळी स्वेटर डोक्यातून काढताना चटचट आवाज आला आणि डोळ्यांसमोर निळी ठिणगी उडाली. अनुस्वाररावांनी स्वेटर दूर भिरकावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीवाल्याला गाठलं. पानं तोवर छपाईला गेली होती.

"पुढं काय म्हणत होत्या हो बाई?"

"दोन वेलांट्या चुकल्या होत्या."

"अहो, पण माणूस पेटतो का?"

"मी कशाला अर्थ वाचतोय? उलटं वाचायला तुम्हीच तर शिकवलंत!"

डॉक्टरीणबाईंनाच विचारावं, तर काय विचारायचं? बाई, मी पेटेन का?

तेव्हापासून स्वेटर बंद, कडधान्यं बंद. अंथरूण बाहेरच्या खोलीत, उशाशी भरलेली बादली.

"ही कशाला?" बायकोनं विचारलं.

"तहान लागते."

"एवढी?"

स्वतः पेटण्याचं त्यांना तितकं काही नव्हतं. पण लेकीला इतक्या वर्षांनी झालेलं ते कापसासारखं बाळ कुणीतरी आपल्या मांडीवर ठेवणार, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटे. आणि घाम फुटला की अंग आणखीच गरम वाटे.

दार वाजलं. लेक आत आली. काखेत दारातच पडलेला मासिकाचा नवा अंक, हातात बाळ.

"घ्या ना बाबा!"

ते मागे सरले. "नको. मला... पडसं आहे."

लेकीचा चेहरा उतरला. "फोनवरही तुम्ही तुटकच बोलत होतात. आवडली नाही का तुम्हाला नात?"

अनुस्वाररावांनी तिच्या काखेकडे बोट दाखवलं. "आधी तो अंक उघड. आगीचा लेख काढ. ठिणगीपासून पुढं वाच."

लेकीनं बाळ आईकडे दिलं आणि वाचू लागली. "ती तर निसर्गाने आपल्याला दिलेलीच नाही. आतड्यात प्राणवायू जवळपास नसतोच, त्यामुळे तिथला वायू आतल्या आत पेटत नाही. शरीरात निम्म्याहून अधिक पाणी. आणि लोळ निघालाच, तर पहिला भाजेल नायकाचाच हात."

लेक थांबली. बायकोनं एकदा बाहेरच्या खोलीतल्या बादलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. कुणी हसलं नाही. मग तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाळ मांडीवर ठेवलं.

बाळानं त्यांचं बोट मुठीत धरलं, गरम तळव्यात गाल घुसळला आणि डोळे मिटले.

"बाबा, श्वास घ्या," लेक म्हणाली.

त्यांनी घेतला. अगदी बेतानं. मग बाळ जागं होऊ नये अशा आवाजात बायकोला म्हणाले,

"अगं, ती बादली तेवढी जरा इकडे सरकव."