फ्लोटमधलं पेट्रोल

लातूर जिल्हा होऊन चार महिने झाले होते, आणि त्या साली पावसानं पार पाठ फिरवली होती. दुष्काळी कामांवर पळणाऱ्या नव्या कचेऱ्यांच्या जुन्या गाड्यांनी औसा रस्त्यावरचं माणिकप्पाचं गॅरेज भरून गेलं होतं. त्याला जेवायला सवड नव्हती.

त्यातली एक जीप लिंबाजी आणायचा. बिलोलीकडचा, रोजंदारीवरचा ड्रायव्हर. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस.

"मिस्त्री, थंडीत सकाळी गाडी उठतच न्हाई," तो म्हणाला. "हँडल मारून खांदे जातेत. अन् पेट्रोलचा लई वास येऊन राहिला. माझ्या कपड्यालाबी येतो."

"चोक जास्ती ओढत असशील." माणिकप्पानं प्लग काढले. ते पेट्रोलनं ओलेचिंब होते. त्यानं ते पुसले, परत बसवले आणि गाडी वाटेला लावली.

आठवड्यात लिंबाजी दोनदा परत आला. "कार्बोरेटर उघडून बघता का?" त्यानं भीत भीत विचारलं, तेव्हा माणिकप्पा चार लोकांत खेकसला, "मिस्त्री तू का मी?"

मग एके दिवशी कचेरीचे साहेब, अमृतराव, स्वतः आले. जीप बेसुमार पेट्रोल खाते म्हणाले. ड्रायव्हर काढून विकत तर नाही? माणिकप्पा एका गाडीखाली होता. बाहेर यायचाही त्याला कंटाळा आला.

"गाडीत काई न्हाई साहेब. पेट्रोल कुठं जातं ते ड्रायव्हरलाच माहीत," तो म्हणाला, आणि वर हसलाही.

लिंबाजीसारख्या बौद्धवाड्यातल्या माणसाबद्दल असं बोललं की कुणी उलटून पुरावा मागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून लिंबाजी दिसला नाही.

तीन आठवड्यांनी नवा ड्रायव्हर तीच जीप ढकलत घेऊन आला. सकाळी उठत नाही, पेट्रोलचा वास येतो. शब्दन् शब्द तोच. या वेळी माणिकप्पानं कार्बोरेटर खोलला, आतला पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळलं. सांध्याला केसाएवढी चीर होती. पोकळ फ्लोटनं तरंगायचं आणि पेट्रोलची वाट बंद करायची. हा भरून जड झाला होता, बुडत होता. पेट्रोल थांबायचंच नाही, ओसंडून इंजिनात उतरायचं. दहा मिनिटांचं काम होतं.

"काय निघालं?" नव्या ड्रायव्हरनं विचारलं.

"काई न्हाई. जुनं झालंय," माणिकप्पा म्हणाला, आणि हे दुसरं खोटं बोलताना त्याचे कान तापले.

दोन दिवस त्याला भाकरी गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कागद लिहिला आणि अमृतरावांपुढं ठेवला: दोष गाडीत होता, मी न बघता बोललो.

"मिस्त्री, ते प्रकरण मिटलं आता," साहेब म्हणाले. "यानं तुमचंच नाव जाईल."

"जाऊ द्या साहेब. त्याचं तर गेलंच की."

लिंबाजी मुरुडला सासुरवाडीकडं गेल्याचं कळलं. माणिकप्पा एसटीनं गेला. गावाबाहेर रोजगार हमीचं रस्त्याचं काम चालू होतं. लिंबाजी आणि त्याची बायको सुमनबाई खडी फोडत बसले होते. माणिकप्पानं रुमालात बांधलेला फ्लोट काढून लिंबाजीच्या हातावर ठेवला. लिंबाजीनं तो कानाशी हलवला.

"मी म्हणलं होतं उघडा," तो एवढंच म्हणाला.

"हाव. म्हणला होता तुमी." आजवर त्याला अरेतुरे करणाऱ्या तोंडून 'तुमी' निघालं, पण त्यानं काही हलकं झालं नाही. "माझं चुकलं."

"मला काय सांगता? हिला सांगा. माझ्या सदऱ्याला वास यायचा. हिनंबी एकदा इचारलं, खरंच घेतलं का म्हणून."

सुमनबाईचा हातोडा थांबला. माणिकप्पाला खाली बघत सगळं सांगावं लागलं. खालीही खडीच होती. आजूबाजूचे हातोडेही एकेक करून थांबले.

तिनं ऐकून घेतलं. मग पदरानं तोंड पुसून दूर झाडाखाली उभ्या असलेल्या मुकादमाकडं बोट केलं. "तो मला पेट्रोलचोराची बायको म्हणतो. त्याला सांगा. समद्याला ऐकू जाईल असं सांगा."

माणिकप्पा उन्हातून तिकडं चालत गेला. पहिल्यांदा तो नुसताच पुटपुटला. मुकादम म्हणाला, "काय? मोठ्यानं बोला."

"लिंबाजी चोर न्हाई!" तो ओरडला. "मी खोटं बोललो!"

दोन महिन्यांनी लिंबाजीला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर ट्रक चालवायचं काम मिळालं. त्यात आपल्या कागदाचा काही हात होता का, हे माणिकप्पाला कधी कळलं नाही. कचेरीच्या गाड्या मात्र त्याच्याकडं यायच्या थांबल्या. का थांबल्या असं कुणी विचारलं, की तो कारण सांगायचा. पुढं कित्येक वर्षं, विचारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा न देता.