उठू का गं?

लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणजे राग कायम नाकाच्या शेंड्यावर. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोला कधी काही विचारलं असेल तर शपथ. तो सांगायचा, नाहीतर ओरडायचा. तिच्या शिलाई मशीनच्या आवाजाने त्याचं डोकं उठायचं, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी मशीन माळ्यावर गेलं आणि तिथेच धूळ खात पडलं.

मग गेल्या हिवाळ्यात त्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. हात-पाय लवकर हलायला लागले, जीभही सुटली, पण उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "माणूस उठला की रक्तदाब क्षणभर उतरतो. तेव्हा मेंदू आपल्या नळ्या सैल करतो आणि रक्त कमी पडू देत नाही. तुमच्या मेंदूला सध्या ते जमत नाहीये. जमेल हळूहळू. तोवर एकट्याने उठायचं नाही."

तेव्हापासून हा वाघ पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचा आणि विचारायचा, "उठू का गं?"

"थांबा जरा. हं, आता उठा," ती म्हणायची आणि त्याचं कोपर धरायची.

मिस्त्रीचं काम बंद, म्हणून मशीन माळ्यावरून खाली आलं, पुढच्या खोलीत खिडकीशी बसलं. लोक पँट आखूड करायला, चेन बदलायला आणू लागले. मिस्त्री शेजारी बसून जुनी शिलाई उसवून द्यायचा. एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाला, "तुझ्या हातात कला आहे गं. मी बरा झालो तरी हे बंद करायचं नाही." तिने ते खरं मानलं. वेडीच ती.

आज तपासणी होती. त्याच्या कानशिलाला यंत्र लावलं, त्याला बसवलं, एकदम उभं केलं. पडद्यावरची मेंदूतल्या रक्तप्रवाहाची रेघ खाली गेली. मागच्या वेळी ती तशीच खाली रेंगाळली होती. आज झटक्यात वर आली.

"छान," डॉक्टरीणबाई हसल्या. "मेंदू आपलं आपण सांभाळतोय. आता हात धरायची गरज नाही."

तिच्या जिवात जीव आला. बाहेर पडताना पायऱ्या लागल्या, सवयीने तिने कोपर धरलं. त्याने ते झटकलं.

"आंधळा आहे का मी?"

घरी येऊन तो खुर्चीत बसला, आणि न विचारता उठला. मशीनकडे बघून म्हणाला, "उद्यापासून मी कामावर जातोय. हा पसारा वर जाऊ दे. कटकट नुसती."

"तुम्हीच म्हणाला होता, बंद करायचं नाही."

"आजारी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. स्टूल धर."

मशीनवर कुणाचीतरी पँट होती, एक पाय शिवून झालेला. तिने ती काढून घेतली आणि स्टूल धरलं. का धरलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो मशीन उचलून वर चढला. मान मागे टाकली, दोन्ही हात डोक्यावर नेले. महिन्यापूर्वी एवढ्यानेच तो कोसळला असता.

खाली उभ्या उभ्या तिच्या ध्यानात आलं की आपण वाट बघतोय. एक छोटीशी घेरी यावी. पडू नये, लागू नये, फक्त स्टुलाच्या टोकावर त्याने डोळे मिटावेत आणि विचारावं. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती वाट बघतच राहिली.

घेरी आली नाही. मशीन माळ्यावर सरकलं. तो हात झटकत उतरला, अगदी तरण्या पोरासारखा.

"बघितलंस? ठणठणीत."

"हो," ती म्हणाली, "आहात खरे."

मग खिडकीशी बसून तिने पँटचा दुसरा पाय हाताने शिवायला घेतला.