मोजायचे नाहीत असे लाडू

कौशल्याबाई परभणीहून सुनेच्या बाळंतपणाला आल्या, त्या डिंकाच्या लाडवांचा मोठा स्टीलचा डबा आणि एक नियम घेऊनच. नियम असा, की बाळंतिणीचं खाणं कुणी मोजायचं नाही. किती खाल्लं विचारायचं नाही, किती उरलं बघायचं नाही. मोजलं की दृष्ट लागते आणि अंगावरचं दूध आटतं.

प्रियदर्शनीनं मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी डब्यातले लाडू मोजले. एकसष्ट होते. तिचा काही इलाज नव्हता. हिंजवडीच्या कंपनीत चार वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत होती आणि कुठलीही गोष्ट बरोबर चाललीय यावर तिचा मुळातच विश्वास नव्हता. माहेरी आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून वारज्याच्या या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सासूच्या हातचं बाळंतपण आलं होतं. तेव्हा संशय घ्यायला रान मोकळंच होतं म्हणा.

रोज सकाळी एक लाडू आणि संध्याकाळी एक, असा तिचा हिशोब. पण डब्यातले लाडू कधी चारांनी कमी व्हायचे, कधी पाचांनी. बाकीचे जात होते कुठे?

एरवी तिनं हसून सोडून दिलं असतं. पण भूक म्हणजे काय, हे तिला आत्ताशी कळत होतं. बाळ पाजून पाळण्यात ठेवलं की तिच्या पोटात खड्डा पडायचा. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, खसखशीची खीर, सगळं खाऊन तासाभरात हात पुन्हा काहीतरी शोधायचा. उशीखाली बिस्किटांचे पुडे असायचे. त्यात बाळीचं वजन वाढेना. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "आठ दिवसांत दोनशे ग्रॅम वाढलं नाही, तर वरचं दूध सुरू करू." तेव्हापासून प्रियदर्शनीला एकेक लाडू म्हणजे लेकीच्या तोंडचा घोट वाटायला लागला. आणि तो कुणीतरी पळवत होतं.

झोपेचं तर नावच काढू नये. दर दोन तासांनी बाळी रडायची. शेवटचं डावीकडून पाजलं की उजवीकडून, हेही लक्षात राहायचं नाही, म्हणून ती गाऊनला सेफ्टी पिन लावायची आणि पाजून झालं की बाजू बदलायची. कित्येकदा सकाळी पिन दुसऱ्या बाजूला असायची आणि ती कधी बदलली याचा तिला पत्ता नसायचा.

संशयित तीन. पैकी नवरा दिग्विजय लगेच सुटला, कारण मेथी-डिंकाच्या वासानं तो चहाचा कप घेऊन गॅलरीत पळायचा. उरल्या सासूबाई आणि गोदाबाई.

गोदाबाई रोज नऊला यायची. कालव्यापलीकडच्या वस्तीतून चालत. आधी बाळीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग प्रियदर्शनीचं अंग रगडायची, शेगडीवर ओवा टाकून शेक द्यायची. तिच्या हाताखाली बाळी अशी गाढ झोपायची की दुपारपर्यंत हूं नाही की चूं नाही. पण तिची कापडी पिशवी असायची स्वयंपाकघराच्या दाराला. दाराशेजारी फळी, फळीवर डबा. शिवाय येताना सपाट असलेली पिशवी जाताना फुगलेली दिसायची. प्रियदर्शनीला तरी दिसायची.

त्या मंगळवारी सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. डब्यात दहा दिवसांच्या हिशोबानं एक्केचाळीस हवे होते आणि सतराच निघाले. गोदाबाई पदराला हात पुसत निघाली होती, तेवढ्यात प्रियदर्शनी आडवी आली.

"गोदाबाई, पिशवी दाखवता जरा?"

गोदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी जमिनीवर पालथी केली. तेलाची बाटली, जुनं लुगडं, आणि कौशल्याबाईंनीच दिलेली पावकिलो बाजरी. "बगा बाई," एवढंच म्हणाली. सामान भरलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

त्या मंगळवारी परत आल्यावर हे ऐकून सासूबाई भाजीची पिशवी घेऊन तशाच वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या.

"चोर नाही ती."

"कशावरून?"

"मला माहीत हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

यावर त्या मेथीची जुडी निवडायला बसल्या. प्रियदर्शनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माहीत असायला दुसरं काय कारण? नियमसुद्धा किती सोयीचा! मोजायचंच नाही म्हटल्यावर पकडणार कोण? तिला सासूचा इतका राग आला की हातातलं बिस्कीट चुरलं.

गोदाबाईविना दोन दिवस गेले. बाळी झोपेना. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना पायांवर घेऊन न्हाऊ घालणं जमेना. लाडू मात्र कमी होतच होते.

मग प्रियदर्शनीनं सापळा लावला. रात्रीची निजानीज झाल्यावर डब्याच्या झाकणाच्या कडीला आतून हळद माखली. कुंकू नको, ते सासूबाईंच्या बोटांना असतंच. हळदीचा हात मात्र लपत नाही.

सकाळी जाग आली तेव्हा सव्वासहा वाजले होते. बाळी पाळण्यात, अंगात कोरडं झबलं. प्रियदर्शनी तडक स्वयंपाकघरात गेली. कडीवरची हळद पुसलेली. लाडू तीन कमी. आणि न्हाणीघरात पाण्याचा आवाज.

कौशल्याबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या आणि घाईघाईनं काहीतरी चोळत होत्या. सुनेची चाहूल लागताच त्यांनी ते बादलीत दाबलं.

"काय लपवताय?"

"काही नाही. जा, झोप."

प्रियदर्शनीनं बादलीत हात घालून ते बाहेर ओढलं. बाळीचं पांढरं झबलं होतं. त्याच्या पाठीवर चार बोटं उठली होती, लालभडक.

"रक्त!" ती किंचाळली.

"रक्त नाही, येडे. हळद हाय. साबण लागला की हळद लाल होती."

प्रियदर्शनीनं सासूच्या हातांकडे पाहिलं. फेस होता, डाग नव्हता. मग तिचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. चारही नखं कडेनं पिवळी होती.

"रोज रात्री उठतीस," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "बाळीला पाजतीस, अर्ध्या झोपंत सैपाकघरात येतीस, उभ्यानं खातीस, आन् पुन्हा तिला उचलून घेतीस. पहिल्या आठवड्यापासून बघायलेय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर लाजून खाल्लं नसतंस. दूध आटलं असतं."

"आणि गोदाबाई?"

कौशल्याबाईंनी झबलं पिळलं, पुन्हा पिळलं. "तिच्यापायी जीव तुटला माझा. पण पोरगी आधी. मी गप बसले, ते पाप माझंच."

त्या दिवशी दवाखान्यात बाळीचं वजन दोनशे साठ ग्रॅमनं वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, चांगलं खाताय!" प्रियदर्शनीला रडू आवरेना. डॉक्टरांना वाटलं, आनंदाचं.

सव्वा महिना व्हायचा होता. बाळंतिणीनं घराबाहेर पाऊल टाकायचं ते फक्त दवाखान्यासाठी, हाही सासूबाईंचाच नियम. तरी येताना त्यांनीच रिक्षा कालव्यापलीकडे वळवायला सांगितली. बाळीला घेऊन त्या रिक्षात बसून राहिल्या.

गोदाबाई दारात तांदूळ निवडत होती. प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं, काही न वगळता. माफी मागितली. सोबत आणलेला लाडवांचा छोटा डबा पुढे केला.

गोदाबाईनं डब्याला हात लावला नाही. "मला साखर हाय, बाई. सात वर्सं झाली. गुळाचा खडा बी चालत न्हाई." सुपातला एक खडा काढून तिनं बाजूला फेकला. "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

प्रियदर्शनीनं डबा मागे घेतला.

"पोरगी निजती का?" गोदाबाईनं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"उद्या येते."

ती आली. बाळीला पायांवर घेतलं, न्हाऊ घातलं, आणि बाळी दुपारपर्यंत गाढ झोपली. प्रियदर्शनीनं पुन्हा कधी लाडू मोजले नाहीत. रात्री जाग्या डोळ्यांनी उठून, ताटलीत घेऊन, बसून खायला लागली.

फक्त पिशवी गोदाबाईनं पुन्हा आणली नाही. तेलाची बाटली हातात धरून यायची. आणि काम आटपून निघताना प्रियदर्शनीसमोर उभी राहायची, बाटली काखेत धरायची, दोन्ही तळहात उघडून दाखवायची आणि मगच चपला घालायची. "गोदाबाई, नका हो," असं प्रियदर्शनी पहिल्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशीही म्हणाली. गोदाबाई ऐकून घ्यायची. पण रोज पुन्हा तळहात उघडायची.