मास्तरांचा हात

मास्तरांचा हात फिरल्याशिवाय त्यांच्या वर्गातून एकही चित्र बाहेर पडत नसे. विद्यार्थ्याने जीव ओतून रंगवायचं आणि शेवटी मास्तरांनी "उठा" म्हणून त्याची खुर्ची बळकावायची, हा तिथला रिवाजच.

वर्गातल्या, कपडे शिवणाऱ्या टेलरबाईंच्या घरी अशी तीन चित्रं टांगलेली होती. आल्यागेल्याला त्यांच्या थोरल्या नणंदबाई आवर्जून सांगत, "मास्तरांनी काढलीत. आमची भावजय नुसती शेजारी बसली होती." वन्संचं बोलणं लागायचं ते खोटं होतं म्हणून नाही, खरं होतं म्हणून.

या खेपेला नक्कल करायला एक जुनं निसर्गचित्र होतं. ओढा, पाणचक्की, वर ढगांचा पसारा आणि मधोमध एक भलंथोरलं झाड. चित्रातल्या त्या गावात कुणालाच काही काम नव्हतं. गाडीवानसुद्धा ओढ्यात गाडी उभी करून मजा बघत होता. टेलरबाईंना त्याचा रागच आला. पण झाडावर जीव जडला. या झाडाला परक्याचा हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

झाड रंगवून त्यांनी पूर्ण वाळू दिलं. मग मास्तर आले, झाडाकडे बघून "फुलकोबी छान जमलीय" म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यावर स्वतःचं झाड चढवलं. तैलरंग लवकर वाळत नाही, हे मास्तरांनीच शिकवलेलं. ते चहाला गेले तशी टेलरबाईंनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. मास्तरांचं झाड गेलं, खालून त्यांचं वर आलं.

पुढच्या वर्गात मास्तरांनी पाहिलं आणि पुन्हा रंगवलं. टेलरबाईंनी पुन्हा पुसलं. एकदा मास्तरांनी बुंध्यावर अशी सावली टाकली की पुसताना टेलरबाईंचा हात अडखळला. आपल्याला हे जन्मात जमणार नाही, हे त्यांना कळलं, आणि मग त्यांनी जास्तच जोर लावून पुसलं.

पण मास्तरही शेरास सव्वाशेर. एके दिवशी त्यांनी एका बाटलीतले थेंब रंगात टाकले, झाड रंगवलं आणि वर्ग सुटेपर्यंत खुर्ची सोडली नाही. पुढच्या वेळी टेलरबाईंनी बोळा फिरवला तर तो कोराच राहिला. त्या बाटलीत रंग लवकर वाळवायचं औषध होतं.

मास्तर कुंचले धूत होते. "आता घासा, बाई," ते म्हणाले.

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी रंग खरवडायची सुरी उचलली. मास्तरांचं झाड निघालं, पण त्याला चिकटून त्यांचं स्वतःचंही निघालं, आणि खाली पांढरं कापड दिसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"चित्राचं वाटोळं केलंत," मास्तर म्हणाले.

"माझ्या चित्राचं," टेलरबाई म्हणाल्या, आणि ते चित्र तसंच काखोटीला मारून घरी आल्या. जुनी तिन्ही चित्रं काढून हे एकटं मधल्या खिळ्याला लावलं. वन्संनी चष्मा लावून पाहिलं, नाक मुरडलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. मधोमध पांढरं भगदाड असलेलं ते चित्र बघून तिने विचारलं, हे कुणी काढलं?

"हे मात्र आमच्या भावजयीचंच," वन्सं म्हणाल्या. "दिसतंच आहे."

टेलरबाई मशीनवर होत्या. त्यांनी दोरा तोडला आणि दुसरी बाही शिवायला घेतली.