चौथ्या रेघेपर्यंत

मित्रांनो, हे घडले ते साल होते एकोणीसशे ब्याण्णव. मी शस्त्रक्रियेच्या खोलीतली एक जुनी काचेची बाटली आहे. रुग्णाचे वाहते रक्त नळीने ओढून माझ्यात साठवत. माझ्या अंगावर शंभर-शंभर मिलिलिटरच्या वीस रेघा आहेत. डॉक्टर मान वर न करता विचारत, "बाटली किती?" आणि थोरल्या सिस्टर माझ्याकडे पाहून आकडा सांगत. मला काही वाटत नसे. काचेला काय वाटणार?

आदल्या वर्षी एका मुलाच्या नाकातली गाठ काढायला घेतली होती. वाढत्या वयातल्या मुलांना होणारी ही गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता. मी भरले. मला ओतून पुन्हा लावले. मी पुन्हा भरले. मग डॉक्टरांनी आकडा विचारणे सोडून दिले. मला धुऊन फडताळात पालथे ठेवले.

ब्याण्णव साली एका नळकारागिराचा चौदा वर्षांचा मुलगा तशीच गाठ घेऊन आला. आता नवी सोय झाली होती. मांडीतून एक बारीक नळी थेट चेहऱ्यापर्यंत नेऊन, गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक कणांनी बुजवल्या. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पण नाकातून सारखे वाहणारे रक्त थांबले आणि बापाने पिशवी भरली.

थोरल्या सिस्टर मला काखेत घेऊन वॉर्डात गेल्या.

"कुठे निघालात, दादा?"

"घरी. थांबलं ना रक्त? मग आता चिरफाड कशाला? याची आई तिकडे जीव मुठीत धरून बसलीय."

"मेन कॉक बंद केला की गळती थांबते. मग पाइप न बदलताच हत्यारं गुंडाळता का तुम्ही?"

"आता तुम्ही मला नळ शिकवणार, सिस्टर?"

"शिकवते की! तुमचा कॉक बंद राहतो. इथे रक्त थोड्याच दिवसांत दुसरी वाट काढतं." त्यांनी मला खाटेवर ठेवले. "मागच्या वर्षी ही सोय नव्हती. ही बाटली दोनदा भरली."

बाप बोटाने माझ्या रेघा मोजत वरपर्यंत गेला. "आणि तो मुलगा?"

सिस्टरांनी मला उचलून पुन्हा काखेत घेतले.

तेव्हा मुलगाच म्हणाला, "बाबा, ठेवा ती पिशवी खाली. घरी जाऊन परत नाक धरून बसायचा मला कंटाळा आलाय."

सकाळी गाठ निघाली.

"बाटली किती?"

"चार रेघा."

"नीट बघा."

"दोनदा बघितलं, डॉक्टर. चारच."

बाहेर बाप भिंतीला टेकून खाली बसला. मला रिकामे करून धुतले.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले. नळकारागीर जिवंत होता तोवर इस्पितळाचे गळके नळ दुरुस्त करून जाई. त्याचा मुलगा दूर कुठेतरी बेकरी चालवतो. थोरल्या सिस्टर मागच्या वर्षी गेल्या. माझ्या जागी आता वापरून फेकायच्या पिशव्या आल्या आणि तळाला तडा गेलेली मी अडगळीत आहे. मित्रांनो, नाकातून पुन्हा पुन्हा रक्त आले तर घरी सांगा, आणि दुखणे थांबले म्हणून इलाज अर्ध्यावर सोडू नका.

त्या पहिल्या मुलाची आई बरीच वर्षे येत असे. दाराशी उभी राहून एकच विचारी, "फार रक्त गेलं होतं का हो त्याचं?"

सिस्टर मला धूत असत. हात न थांबवता म्हणत, "नाही हो, ताई. फार नाही."