वाट सांगणारी माणसं

घुगऱ्यांचा डबा अजून कोमट होता.

सी विंगमधली सगळी दारं एकाच चॉकलेटी रंगाची आहेत. दारापुढे रांगोळी नको, चपला नकोत, तोरण नको, असं सोसायटीनं ठरवलं आहे.

बाळाचं जावळ काळंभोर. नाक कुणाचं, यावर मात्र एकमत नव्हतं.

या वसाहतीत कुणी वाट सांगितली की ती तयार होते.

मंदाकिनी कराडहून आली ती भाच्याच्या बारशाला. नाव आत्यानं ठरवायचं आणि बाळाच्या कानात सांगायचं; तोवर कुणाला कळू द्यायचं नाही. तिनंही ते नवऱ्याला, जावेला, कुणालाच सांगितलं नव्हतं. भाऊ श्रीपाद इथं नुकताच राहायला आला होता. "गेटवर कुणालाही विचार," एवढंच तो म्हणाला होता.

तिनं वॉचमनला विचारलं.

"सी विंग ना ताई? पाण्याच्या टाकीला वळसा घाला, मग लिफ्टनं सहावा मजला."

तिनं वळसा घातला, सहाव्या मजल्यावर उतरली. पॅसेज समोरच्या भिंतीपाशी संपत होता. एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. मंदाकिनीनं तिला श्रीपादचं घर विचारलं. ती बाई श्रीपादला ओळखत नव्हती. पण इरकल नेसून, डबा घेऊन आलेल्या पाहुणीला माहीत नाही म्हणणं तिला बरं वाटेना.

"या भिंतीपासून डावीकडे," ती म्हणाली. "मग परत डावीकडे."

भिंतीपाशी डावीकडे वळण होतं. पुढे परत एक. तिथं बनियनमधले एक काका पेपर वाचत बसले होते.

"राहतात की. भला माणूस. दोन मजले वर जा आणि अगदी टोकाला."

ती दोन मजले चढली. टोक दिसत नव्हतं. श्रीपादचा फोन आला.

"ताई, कुठं आहेस? पाळणा सजलाय. बायका खोळंबल्यात. तुझ्या पाठीत धपाटे घालायला हात शिवशिवतायत त्यांचे."

"श्री, तुमची इमारत किती मजल्यांची?"

"सात."

"मी आठव्यावर आहे."

"अगं, मग एक जिना उतर, उजवीकडे वळ, आणि—"

"सांगू नकोस," मंदाकिनी म्हणाली. तोवर उजवीकडे एक पॅसेज आला होता. "तूच ये मला न्यायला."

तो निघाला. शेजाऱ्यांनी त्याला दारातच सांगितलं, तुमची ताई ना, आत्ताच खाली गेल्या. तो खाली गेला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

वहिनी ऋजुतानं फोन केला. "मंदाताई, मी मोबाइल बाळाच्या कानाला लावते. तुम्ही तिथूनच नाव सांगा."

"असं कुठं असतं का? कानात सांगायचं असतं."

"कानातच जाईल की."

"कुर्र करायला तोंड कानाशी हवं. आलेच मी."

तिनं आता कुणालाही विचारायचं नाही असं ठरवलं. पण लोक न विचारताही सांगत. दारं उघडायची, कुणी पोळी लाटता लाटता डोकं बाहेर काढायचं. काकू, सरळ जा. मावशी, चुकलात, मागं फिरा. एका मुलीनं पाणी आणून दिलं आणि चार जिने सांगितले. सगळे मनापासून सांगत होते. मंदाकिनी हात जोडायची, त्यांना ते आभार वाटायचे.

घुगऱ्या आंबल्या. तिनं डबा एका खिडकीत ठेवला आणि ऋजुताला फोन लावला.

"बरं, लावा त्याच्या कानाला."

"कसा लावू? तो पाळण्यात मावेना म्हणून त्याला खाली ठेवलं होतं. आत्ता बघते तर दार उघडं."

मंदाकिनीनं मान वर केली. लांब, पॅसेजच्या पार टोकाला, एक मूल चालत बाहेर आलं. जावळ खांद्यापर्यंत आलं होतं. त्याच्या मागं ऋजुता दारात येऊन उभी राहिली.

"अरे," ती म्हणाली. तिच्यापाशी दुसरा शब्द नव्हता. "अरे, अरे."

पॅसेजमधल्या सगळ्या पुरुषांनी वळून पाहिलं. मुलानं पाहिलं नाही.

एका आजोबांनी वाकून त्याला विचारलं, "कुणाला शोधतोयस, बाळा?"

"आत्याला."

"आत्याला होय? हे काय, इथून डावीकडे."

तिथं डावीकडे नुसती भिंत होती. मंदाकिनी धावत निघाली, आणि धावता धावता तिनं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ते पॅसेजभर स्पष्ट ऐकू आलं. मुलालाही आलं. त्यानं ते आधी कधी ऐकलेलं नव्हतं. कुणाला तरी हाक मारतायत, असं समजून तो डावीकडे वळला.

दवाखान्यात नर्सनं त्याला सगळ्यांत आधी मंदाकिनीच्या हातात दिलं होतं.