काचेवरचं शेवाळ आणि माझी भूक

केतनची एक सवय मला पहिल्यापासून खुपायची. घरात पाहुणा आला, की तो त्याला टाकीपाशी आणायचा, काचेवर नखानं टकटक करायचा आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "हिला काही घालावं लागत नाही. ही घाण खाते." पाहुणा हसायचा, मागून चहा यायचा. मी दगडाआड तोंड वळवून बसायची. मित्रांनो, मासा झाला म्हणून त्याला अब्रू नसते असं कुणी समजू नये.

मी एक जुनी सकर मासळी आहे. माझं तोंड पोटाच्या बाजूला आहे आणि त्यानं मी काचेला चिकटून राहते. रंग काळपट, पाठीवर हाडाच्या पट्ट्या. देखणी म्हणून मला कुणी कधी आणलं नाही. पण कुडीनं मी चिवट आहे, आणि पाण्यात राहूनही माझी जीभ तिखट आहे.

सिमेंटच्या एका हौदात मी जन्मले. आई आठवत नाही. आठवते ती हवा भरून गाठ मारलेली पिशवी, आणि मग नेरूळला विलासचं माशांचं दुकान. तिथून केतननं मला नेलं तेव्हा मी बोटाएवढी होते. विलास भला माणूस. टाकी विकताना त्यानं सगळं सांगितलं होतं. टाकी उन्हात ठेवू नका, दिवा दिवसभर जाळू नका, खाणं चिमूटभरच टाका, आठवड्याला थोडं पाणी बदला, काच आतून पुसत जा, म्हणजे शेवाळ हाताबाहेर जाणार नाही. आणि या सकरला रोज काकडीची नाहीतर दुधीची फोड द्या. केतनचा एक कान फोनला होता, कारण उरणच्या रस्त्यावर त्याचा ट्रेलर अडकला होता. दुसऱ्या कानात एवढंच शिरलं, की ही शेवाळ खाते. माणसाला आपल्या सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.

ही माणसं मूळची खाडीकाठच्या गावातली. भातशेती होती, मिठागर होतं. जमीन गेली, पैसा आला, आणि आता सीवूड्सला वरच्या मजल्यावर मोठा फ्लॅट आहे. घरात केतन, त्याची बायको स्नेहल आणि केतनची आई पुतळाबाई. पुतळाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या लेकाला म्हणाल्या, "ही काली धोंड कशाला आनलीस? हिचं कालवन तरी होईल का?" मला राग आला. पण त्यांनी निदान तोंडावर तरी सांगितलं.

वास्तूवाल्यानं सांगितलं, टाकी ईशान्येला ठेवा. ईशान्येला नेमकी मोठी खिडकी. सकाळचं सगळं ऊन टाकीत. वर टाकीतला दिवा घरातली माणसं झोपेपर्यंत चालू, कारण अंधाऱ्या टाकीनं म्हणे बरकत जाते. आणि जाता-येता जो तो खाण्याची चिमूट टाकणार. रंगीत मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं तळाशी कुजायचं. ऊन आणि कुजकं, शेवाळाला आणखी काय हवं? आधी काचेवर तपकिरी साय धरली, मग हिरवा थर आला, मग दगडांना हिरव्या झिपऱ्या फुटल्या.

पहिलं वर्ष माझ्या कौतुकाचं गेलं. मी लहान होते, भूक बेताची होती. रात्रभर काच चाटून सकाळी लख्ख करून ठेवायची. स्नेहलनं माझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, बाई ग, अशी कामवाली आम्हाला पण मिळू दे.

मग मी वाढले. वीतभर झाले, वीतभराची हातभर झाले. शेवाळ हे आमचं लहानपणचं दूध. वाढल्या अंगाला कुणी दुधावर ठेवतं का? कोवळं शेवाळ मी खात होते, पण काचेवर बसलेले टणक हिरवे ठिपके मला निघत नव्हते आणि झिपऱ्या गिळवत नव्हत्या. शिवाय मी मोठी झाले तशी माझी विष्ठाही वाढली, आणि तिच्यावर शेवाळ आणखी माजलं. सांगायला लाज कसली? आमच्यातलं कुणी विष्ठा खात नाही. ते पाणी बदलूनच काढायचं असतं. पण बादली उचलणार कोण? स्नेहल म्हणायला लागली, ही हल्ली कामचुकार झालीय.

उपाशी राहून मी दगड चाटत होते, तेव्हा टाकीसमोर पुतळाबाई जेवायला बसायच्या. सगळ्यांचं झालं की त्या भिंतीला टेकून, मांडीवर ताट घेऊन बसत. ताटात काल रात्रीचा भात, सकाळची वाळलेली भाकरी, वाटीच्या तळाशी राहिलेलं कालवण. केतनचं ऐकून आल्या-गेल्याला स्नेहल सांगायची, आईंना ताजं चालतच नाही, त्यांना शिळंच आवडतं. तिच्या मनात वाईट नव्हतं. तिला ते खरंच वाटायचं. पुतळाबाईंनी एरवी कधी जीभ आवरली नव्हती, अख्खी सोसायटी त्यांना वचकून होती. पण या एका गोष्टीवर त्या बोलायच्या नाहीत. चावत राहायच्या.

एका सोमवारी, उपासाच्या दिवशी, त्या टाकीजवळ बसून काकडी चिरत होत्या. केतननं झाकण उघडंच टाकलं होतं. टाकीला धरून उठताना फोड हातातून निसटली आणि पाण्यात पडली. मित्रांनो, मी तिच्यावर कशी तुटून पडले ते मला आठवलं तरी लाज वाटते. सालीपर्यंत खाल्ली. पुतळाबाई विळी बाजूला ठेवून शेवटपर्यंत बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "उपाशी हाय मेली."

त्या दिवसापासून त्या मला रोज एक फोड देऊ लागल्या. लाड काही नव्हते. "घे काले, गिळ," एवढंच म्हणायच्या. पण त्या हाताची सावली पाण्यावर पडली की मी दगडाबाहेर यायची.

एकदा तळाशी काकडीच्या बिया दिसल्या आणि केतननं ओळखलं. तो आईला म्हणाला, "आये, हिला खायला घातलंस तर ती शेवाळ कशाला खाईल? उपाशी असली तरच काम करते."  पुतळाबाई मांडीवरच्या ताटाकडे बघत राहिल्या. फोड बंद झाली. मला तेव्हा त्यांचा केतनपेक्षा जास्त राग आला होता.

शेवाळ काही थांबलं नाही. काचेतून पलीकडचं दिसेना, तेव्हा केतननं शेवाळ मारायचं औषध मागवलं आणि एक झाकण सांगितलं होतं तिथं दोन ओतली. सगळं शेवाळ एकदम मेलं आणि पाण्यात सडलं. पाण्यातली हवा सरली. रंगीत मासे वर येऊन तोंड वासत राहिले आणि एकेक करून आडवे झाले. आम्हाला वर येऊन हवेचा घोट गिळता येतो, म्हणून मी वाचले. वास्तूवाला फोनवर म्हणाला, मासे मेले हे चांगलंच झालं, घरावरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं. केतननं आणि स्नेहलनं टाकीला हात जोडले. खिडकीला पडदा मात्र कुणी लावला नाही.

मग नवे मासे आणायचं ठरलं, आणि मी नकोशी झाले. फार मोठी, फार काळी, काम शून्य. केतन म्हणाला, हिला सेक्टरच्या तलावात सोडून येतो.

मित्रांनो, हे कधी करू नका. आम्ही तलावात पडलो तर जगतो, पण तिथल्या माशांची अंडी खातो, आणि मग तिथंही आमचंच नाव खराब होतं. टाकी पाळायची तर ऊन अडवा, दिवा वेळेवर घालवा, थोडं थोडं पाणी बदला, आपल्या हातानं काच पुसा. आणि जी काच पुसते तिलाही पोट आहे, हे विसरू नका. एवढं अवघड नाही ते.

मी अजून या टाकीत आहे. खिडकीला पडदा लागलाय, दर रविवारी केतन स्वतः बाह्या वर करून काच घासतो, आणि मला फोड मिळते. हे प्रेमानं झालं असं समजू नका. या घरात हल्ली बोलणंही कमी झालंय. ते कशानं, तेवढं सांगते आणि थांबते.

रविवारची दुपार होती. ताज्या बोंबलांचा वास घरभर होता, सगळ्यांची जेवणं झाली होती. पुतळाबाई नेहमीच्या जागी कालचा भात कालवत होत्या. केतननं मला जाळीनं काढून बादलीत टाकलं. मी शेपटी आपटली, पाणी फरशीभर उडालं, थोडं त्यांच्या ताटातही पडलं. केतन हसत म्हणाला, "आये, टेन्शन नको घेऊ. तलावात घाण भरपूर आहे. मजेत राहील."

पुतळाबाईंनी ताट खाली ठेवलं. खरकटा हात तसाच बादलीच्या तोंडावर आडवा धरला. वरून भाताची दोन शितं माझ्यावर पडली. आवाज चढवला नाही त्यांनी.

"घान कोनाला आवडत नाय, केतन. दुसरं काय समोर येत नाय, म्हनून खातात. हिला घान आवडते आनि मला शिळं आवडतं, दोन्ही तूच ठरवलंस. इचारलंस का कधी? ना हिला, ना मला."